आत्यांना 'उद्या' दिसेनासा झाला: स्मृतिभ्रंशाचं माणूस घरी सांभाळताना

आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी आत्यांना अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे हे कळून पाच वर्षं झाली. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यातली सगळ्यात मोठी एका लग्नात झाली. तुमच्या घरी ती होऊ नये म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

निपाणीला वन्संच्या मुलाचं, म्हणजे आत्यांच्या थोरल्या नातवाचं लग्न होतं. मी आठ दिवस आधीच हौसेनं सांगितलं, "आत्या, पुढच्या रविवारी निपाणीला जायचं, नातवाच्या लग्नाला." त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बघते तर लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या. "चल की गं, गाडी जाईल." अजून सात दिवस आहेत असं सांगून मी त्यांना आत आणलं. अर्ध्या तासानं पुन्हा पिशवी, पुन्हा उंबरा. हे रोज चाललं. चौथ्या दिवशी जेवण कमी झालं, पाचव्या दिवशी झोप गेली. आणि रविवारी गाडी दारात आली तेव्हा त्यांनी खाटेचा काठ घट्ट धरला. "मी कुठंबी येत नाही," म्हणून रडायला लागल्या. नातवाच्या डोक्यावर त्यांच्या हातच्या अक्षता पडल्या नाहीत, ते मला अजून लागतं.

तोवर माझा समज असा होता की या आजारात माणूस मागचं विसरतं. पुढचं विसरण्यासारखं काय असतं, ते तर घडलेलंच नाही! मी खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. तरी हे मला ठाऊक नव्हतं. त्या लग्नानंतर मी वाचायला बसले.

मागचं आणि पुढचं एकाच सुताचं

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी १९७२ साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. सुगी दिवाळीच्या आसपास येते, हे झालं ज्ञान. पण त्या वर्षी येळ्ळूरच्या शेतात कापणी चालू असताना अवकाळी पाऊस आला, मी भिजले, आईनं पदरानं डोकं पुसलं, हा झाला स्वतः जगलेला प्रसंग. हा दुसरा प्रकार आठवताना आपण मनानं त्या जागी परत जातो.

टुल्विंग यांनी पुढं एका माणसाचा अभ्यास केला. के. सी. या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली होती. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, पण जगलेला एकही प्रसंग त्याला आठवत नव्हता. त्याला विचारलं, उद्या काय करणार? तिथंही तसंच कोरं. मागं बघितलं की जी पोकळी, पुढं बघितलं की तीच. नंतर २००७ साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला इजा झालेल्या लोकांना सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर पडून आहात अशी कल्पना करा. बहुतेकांना सुटे सुटे तुकडे सांगता आले, पण सलग देखावा उभा राहीना.

याचा अर्थ माझ्या परीनं असा लावते. आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेलं लुगडं नाही. दर वेळी मेंदू माणसं, जागा, वास, आवाज असे धागे गोळा करतो आणि प्रसंग नव्यानं विणतो. उद्याचं चित्र विणायलाही सूत तेच आणि मागही तोच. हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग हा या मागाचा मोठा आधार, आणि अल्झायमरमध्ये नेमका तोच लवकर झिजतो. म्हणून मी 'पुढच्या रविवारी लग्न' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मांडव होता, आत्यांच्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. हातात उरली ती फक्त कुठंतरी जायचं असल्याची घाई. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की दुःखी दृश्यं बघितल्याचं ते विसरले तरी दुःख त्यांच्या मनात रेंगाळत राहिलं. आमच्या घरी आठ दिवस हेच चाललं होतं. लग्न विसरलं जात होतं, धास्ती साठत होती.

हे एकदा कळलं की घरात काय करायचं ते पुष्कळसं आपोआप सुचायला लागतं.

'नंतर' हा शब्द बंद करा

'पाच मिनिटांनी गॅस बंद करा', 'जेवल्यावर गोळी घ्या', 'दूधवाला आला की पैसे द्या'. ही वाक्यं आपल्याला साधी वाटतात. पण प्रत्येकात एक छोटा भविष्यकाळ आहे आणि तो वेळ येईपर्यंत मनात धरून ठेवावा लागतो. आत्यांना ते जमत नाही. त्या ऐकत नाहीत असं नाही, ते वाक्य धरून ठेवायला जागाच उरलेली नाही. आमच्याकडं दोनदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला. तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. ओरडण्यापेक्षा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची सवय मी स्वतःला लावून घ्यायला हवी होती. आता घरातून निघताना मी तो बंदच करते.

गोळी ताटाशेजारी ठेवायची, आणि शेवटचा घास झाला की हातावर द्यायची. अंघोळीबद्दल आधी काहीच बोलायचं नाही. पाणी काढून, टॉवेल खांद्यावर टाकून, "चला आत्या, पाणी तापलंय" म्हणायचं. पाणी तापलेलं दिसलं, त्याची वाफ लागली, की पुढं काय ते अंगाला कळतं.

बाहेर जायचं असेल तर एक तास आधी सांगा, त्याहून आधी नाही. गोतावळ्यालाही बजावून ठेवा. फोनवर "आत्ती, येत्या महिन्यात मी येतो हं" असं प्रेमानं म्हणणारे नातेवाईक असतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, याल तेव्हा या, आधी कबूल करू नका.

सणांचंही तसंच. 'उद्या गणपती' म्हटलं तर दिवसभर "गणपती आणायला गेले काय?" चालतं. त्यापेक्षा चतुर्थीच्या सकाळी पुरण शिजवून कणकेची परात त्यांच्यापुढं ठेवते. पारी हातात आली की कडबू आपोआप होतात, आणि त्या स्वतःच म्हणतात, "आज गणपती नव्हं?" शिवजयंतीची मिरवणूक इथं वैशाखात निघते. चित्ररथ, ढोल, रात्रभर गर्दी. पूर्वी आत्या आवडीनं बघायच्या. आता त्या आवाजाचं पुढं काय होणार हे त्यांना ताडता येत नाही, म्हणून घाबरतात. त्या रात्री आम्ही मागच्या खोलीत बसतो.

भिंतीवर महिन्याचं कॅलेंडर त्यांच्या उपयोगाचं राहिलं नाही. मी शाळेतली जुनी पाटी लावली. सकाळी एकच ओळ लिहायची, ती झाली की पुसून पुढची. आत्यांना वाचता येत नाही, म्हणून मी चित्र काढते: कप, बादली, ताट. वाचणारं माणूस असेल तर मोठ्या अक्षरात लिहा, पण एकच ओळ.

'आठवतं काय?' असं विचारू नका

घरी येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं. "आत्ती, मी कोण सांगा बघू?" ही परीक्षा आहे, आणि त्यात रोज नापास होणं कुणाला आवडेल? येणाऱ्यानं स्वतःच सांगावं, "मी निपाणीची तुमची लेक, आले बघा."

आठवणी काढायच्याच असतील तर सुरुवात तुम्ही करून द्या. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलं होतं की ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. आणि साधारण दहा ते तीस या वयातलं माणसाला सगळ्यात जास्त आठवतं. त्यामुळं लेकरांचे अलीकडचे फोटो दाखवण्यात फार अर्थ नाही. मी आत्यांना त्यांच्या लग्नातलं शहापुरी लुगडं मांडीवर देते. त्यांची बोटं काठावरून फिरतात. मी म्हणते, "राजहंसगड दिसायचा तुमच्या शेतातून." मग त्या बोलतात, कधी अर्धा तास.

त्यात सरमिसळ होते. काल भाऊ येऊन गेला म्हणतात, भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. हे खोटं बोलणं नाही. वेगवेगळ्या वेळचे धागे एकाच कापडात विणले गेले, इतकंच. दुरुस्त करू नका. मी विचारते, "काय आणलं भावानं?" "तांदूळ," त्या सांगतात, आणि येळ्ळूरच्या तांदळाचा वास कसा असतो ते पुढं.

तिन्हीसांजेला मात्र जड जातं. "मला घरी जायचंय." पन्नास वर्षं ज्या घरात काढली तिथंच बसून हे म्हणतात. मी आधी समजावत होते, हेच तुमचं घर, तुमची आई कधीच गेली. आई गेल्याचं ऐकून त्या दर वेळी नव्यानं रडायच्या. एकाच मरणाचं सुतक मी त्यांना कितीदा पाळायला लावलं! ते मी थांबवलं. आता विचारते, "घरी कोण कोण असेल हो आत्ता?" आई चूल पेटवत असेल, वासरू सोडलं असेल, असं सगळं येतं. मी दिवा लावते, चहा देते, गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणते. त्यांना हवं असतं ते सुरक्षित वाटणं, एस.टी. स्टँड नव्हे.

भाषेची गोष्ट

आमच्या भागाची म्हणून ही वेगळी सांगते. आत्या घरात मराठी बोलायच्या आणि मागवाल्यांकडं कानडी. अलीकडं कानडी निसटली. शेजारच्या अक्का "ऊट आयतेनु?" म्हणाल्या की आत्या नुसत्या बघतात. अक्कांना आधी वाटलं रागावल्या. मी समजावलं, तेव्हापासून त्या मोडक्या मराठीत "जेवलासा काय?" विचारतात, आणि आत्यांचा चेहरा फुलतो. नंतर शिकलेली भाषा आधी जाणं अनेकांच्या बाबतीत घडतं.

पहिल्यांदा तपासायला नेलं तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळे प्रश्न कानडीत विचारले आणि उत्तरं आली नाहीत म्हणून आजार फार पुढं गेल्याचं लिहून दिलं. दुसरीकडं मराठीत विचारल्यावर निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. तेव्हा तपासणी मायबोलीत करा असा आग्रह धरा, नाहीतर शेजारी बसून शब्दशः सांगा. दोन भाषा बोलणं वाया जात नाही, हेही सांगते. हैदराबादेत ६४८ रुग्णांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं साधारण साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला.

डॉक्टरांकडं जाताना एवढं मागून घ्या: बी-१२, थायरॉइड, साखर, कानांची तपासणी, आणि उदासीनतेची विचारपूस. यातलं काही असेल तर विसरणं बरं किंवा कमी होऊ शकतं. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम वाढला तर वय झालं म्हणून बसू नका, लघवीचा संसर्गही असू शकतो. आजाराचा प्रकारही विचारा. सगळ्याच प्रकारांत मागचं-पुढचं सारखं जात नाही. सिमँटिक डिमेन्शिया नावाच्या प्रकारात अलीकडचे प्रसंग बऱ्यापैकी आठवतात पण वस्तूंचे, शब्दांचे अर्थ जातात, आणि पुढचं चित्र तरीही उभं राहत नाही. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, बेंगळूरला निमहान्स. आजार उलटवणारं औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो.

कागदपत्रं, आणि एक अवघड प्रश्न

हे पहिल्या वर्षातच करा. आम्ही उशीर केला. घर आत्यांच्या नावावर, आणि आम्ही वटमुखत्यारपत्राच्या भरवशावर होतो. वकिलांनी सांगितलं, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं लिहून देणाऱ्याची मनःस्थिती शाबूत राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं त्याच दिवशी ते निकामी. बँक खात्याला दुसरं नाव जोडणं, वारस नोंद, मृत्युपत्र हे सगळं समज असेपर्यंत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशी समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतलेला बरा. इथं उतारे आणि कार्यालयातले कागद कानडीत असतात. ते मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका, आपलं माणूस असलं तरी.

अवघड प्रश्न असा की त्यांना स्वतःला पुढं काय हवंय? मी विचारलं होतं, "आत्या, पुढं तब्येत बिघडली तर दवाखान्यात ठेवायचं का घरी?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. जे दिसतच नाही त्यातलं निवडणार कसं? मग मी महिनाभरानं वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. त्यांच्या जाऊबाई शेवटी तीन आठवडे नाकात नळी घालून दवाखान्यात होत्या, आणि आत्या रोज डबा घेऊन जायच्या. तो प्रसंग जुना, पक्का. मी तोच काढला. जाऊबाईंचा हात कसा बांधून ठेवला होता ते त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "तुम्हाला तसं चालेल काय?" "नको बाई तसलं," लगेच म्हणाल्या. "मला माझ्या खाटंवर राहू दे." ह्यांनी आणि वन्संनीही ते ऐकलं. कायद्याच्या दृष्टीनं ते काही नव्हे. पण वेळ येईल तेव्हा भावंडांत त्यावरून भांडण होणार नाही. पुढचं विचारायचं असेल तर हातात मागचं काहीतरी देऊन विचारा, उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

तुमच्याबद्दल थोडं

तुम्हालाही पुढचं दिसेनासं होतं. माझं झालं होतं. दीड वर्ष मी एकही ठरवलेली गोष्ट केली नाही, कारण ठरवायचंच सोडलं होतं. आता दर दुसऱ्या रविवारी वन्सं निपाणीहून येतात आणि मी चार तास बाहेर असते. हे मागून घ्यावं लागलं, कुणी आपणहून दिलं नाही. तुम्हीही मागा. मन फारच खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे सरकारी क्रमांक आहेत. आणि आपण एकटे नाही हेही जाणून असा. भारतातल्या साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तुमच्या गल्लीतही कुणीतरी असेल. विचारून बघा.

हातांना काम

हाताची सवय मेंदूत वेगळ्या वाटेनं साठते आणि पुष्कळ काळ टिकते. त्यामुळं तुमच्या माणसानं आयुष्यभर हातानं काय केलं ते शोधा. विडीकामगार बाईला पानं कापायला द्या, तंबाखू न देता. शेतकऱ्याला शेंगा फोडायला द्या.

आत्यांचं आयुष्य खड्डामागाशेजारी कांड्या भरण्यात, म्हणजे विणायचं सूत रहाटावर छोट्या नळ्यांवर गुंडाळण्यात गेलं. माग आम्ही कधीच विकला होता, पण रहाट माळ्यावर होता. ह्यांनी तो काढून, तेल घालून दिला. पहिल्या दिवशी मी कोरी कांडी दिली, तर आत्या ती हातात घेऊन बसून राहिल्या. सुरुवात कुठून करायची ते येईना. दुसऱ्या दिवशी मी स्वतः थोडं सूत गुंडाळून कांडी दिली, आणि हात चालू झाले. तेव्हापासून माझा नियम आहे. रात्री कांडी पूर्ण भरू द्यायची नाही, अर्धी असतानाच, "राहू द्या आत्या, जेवूया" म्हणून काढून घ्यायची. सकाळी चहानंतर तीच अर्धी कांडी रहाटावर चढवून द्यायची. पुढं काय करायचं ते तिच्यातच दिसत असतं.

आज सकाळी मी शाळेसाठी डबा भरत होते. आत्यांनी कालची कांडी पूर्ण केली, उलटसुलट करून बघितली, टोपलीत टाकली आणि माझ्याकडं न बघताच हात पुढं केला.

"दुसरी दे."